पायआयसीयू अजून सोर्समधूनच का बिल्ड करावं लागतं, त्याची पार्श्वभूमी

काळ, कावळा, कासव, काहिली. हे चार शब्द पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साध्या सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या फंक्शनला, दिले की ह्याच क्रमाने बाहेर येतात. शब्दकोशात बघायला गेलं तर काळ सगळ्यात शेवटी पाहिजे, कारण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक मानकाने, देवनागरीची मांडणी इस्की ह्या आपल्याकडच्या जुन्या कोडवरून घेतली, त्यात ल च्या लगेच पुढे ळ बसवलेला आहे, म्हणून ल ०९३२ वर आणि ळ ०९३३ वर, आणि पायथन फक्त नंबर बघतो, त्याला वर्णमाला माहीतच नाही. ॲ चं तर अजून अवघड. हे अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आलं, तोपर्यंत अ-आ च्या आजूबाजूच्या जागा भरल्या होत्या, म्हणून ते पार शेवटी ०९७२ वर गेलं, आणि त्यामुळे ॲसिड हा शब्द हळदीच्याही खाली जाऊन बसतो. मी गावाकडच्या शेतीतल्या शब्दांची यादी करत होतो तेव्हा हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं, सगळे ळ वाले शब्द भलतीकडेच.

ह्यावरचा पक्का इलाज म्हणजे आयसीयू लायब्ररी, म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे नियम सांभाळणारा तयार कोड, आणि पायथनमधून तिला हाक मारायची तर पायआयसीयू नावाचं बाइंडिंग, म्हणजे दोघांमधला दुवा. आणि इथेच बहुतेक जण अडकतात, कारण पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपला इन्स्टॉल म्हटलं की ते तयार बायनरी (मशीनला थेट चालवता येणारी फाइल) आणत नाही, सोर्स म्हणजे लिहिलेला मूळ कोड आणतं आणि तुमच्या मशीनवर तो कंपाइल करायला, म्हणजे त्याची बायनरी बनवायला बसतं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, त्यामागे बराच जुना इतिहास आहे.

आयसीयूचं मूळ टॅलिजंट कंपनीत आहे. ॲपल आणि आयबीएमने मिळून १९९२ मध्ये काढलेली कंपनी. तिथल्या लोकांनी लिहिलेला आंतरराष्ट्रीय भाषांचा कोड १९९७ मध्ये जावा १.१ मध्ये गेला, मग तोच सी आणि सी प्लस प्लसमध्ये आणला गेला, आणि १९९९ मध्ये आयबीएमने तो ओपन सोर्स केला. २०१६ पासून तो युनिकोड कन्सॉर्शियमकडे आहे. कुठल्या भाषेत अक्षरं कशी लावायची ह्याचे नियम सीएलडीआर ह्या डेटामधून येतात, त्यात मराठीचाही नियम आहे, ळ ह च्या पुढे. कोणीतरी बसून हे नोंदवलं, तपासलं, आणि आज जगातल्या कुठल्याही फोनवर ते आपोआप मिळतं, मला ह्याचं खरंच फार अप्रूप वाटतं.

पायआयसीयू लिहिलं अँडी वाजदा ह्यांनी, ओपन सोर्स ॲप्लिकेशन्स फाउंडेशनमध्ये असताना. मिच केपोर ह्यांनी काढलेली ही संस्था, चँडलर नावाचं कॅलेंडर आणि कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये बनवत होती. पायआयसीयूच्या लायसन्समध्ये २००४ हे साल अजून दिसतं. चँडलर १.० निघालं २००८ मध्ये आणि पुढे ते मागे पडलं, बाइंडिंग मात्र टिकलं.

आता बाइंडिंग म्हणजे नेमकं काय ते थोडं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. पायथनची स्ट्रिंग (मजकूर साठवायची रचना) वेगळी, आयसीयूची वेगळी. आयसीयू आत यूटीएफ-१६ वापरतं. पायथन पूर्वी बिल्डनुसार दोन किंवा चार बाइट वापरायचा, आणि २०१२ च्या पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधलं सगळ्यात मोठ्या नंबरचं अक्षर बघून एक, दोन की चार बाइट ते ठरवतो, मराठी मजकुराला सहसा दोन लागतात. बाइंडिंगचं काम म्हणजे इकडची स्ट्रिंग तिकडच्या साच्यात ओतायची, तिकडचं उत्तर परत इकडे आणायचं, आणि मेमरी कोणाची ते सांभाळायचं. म्हणजे ह्या कोडला दोन्ही बाजूंची आतली रचना माहीत पाहिजे, म्हणून कंपाइल करताना पायथनच्या हेडर फाइल (ही आतली रचना सांगणाऱ्या फाइल) लागतात आणि आयसीयूच्याही लागतात, आणि लिनक्सवर दोन्ही वेगवेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये असतात जी आधीपासून टाकलेली नसतात. पायथन चालतोय, आयसीयू पण मशीनवर आहे, तरी बिल्ड पडतं ते ह्यामुळे.

हे कंपाइल करायची पद्धतही बदलत गेली. अगदी सुरुवातीला पायथनसोबत मेकफाइलचा, म्हणजे कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलचा, एक नमुना यायचा, तो कॉपी करून हाताने भरायचा. ग्रेग वॉर्ड ह्यांच्या पुढाकाराने डिस्टयूटिल्स हे बिल्ड करायचं साधन आलं आणि २००० पासून ते पायथनमध्येच मिळायला लागलं, तेव्हापासून टारबॉल (सोर्सचं गाठोडं) उलगडा, सेटअप डॉट पीवाय बिल्ड, मग सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून इन्स्टॉल, हा मंत्र सगळ्यांच्या बोटांवर बसला. २००४ मध्ये त्याच्यावर उभं राहिलेलं सेटअपटूल्स, २००८ मध्ये इयन बिकिंग ह्यांचं पिप. मग व्हील फॉर्मॅट आला, २०१३ मध्ये मंजूर झाला, त्याने कंपाइल केलेली फाइल थेट पाठवायची सोय झाली. पण लिनक्ससाठी बायनरी अपलोड करायला २०१६ पर्यंत थांबावं लागलं, कारण प्रत्येक डिस्ट्रो (लिनक्सचा अवतार) वेगळा, शेवटी सेंटओएस ५ हा जुना पाया धरून मेनीलिनक्स ठरलं, म्हणजे त्या जुन्या सिस्टिमवर चालेल असं बांधा म्हणजे सगळीकडे चालेल.

आकडेमोडीची नमपाय आणि इतर मोठ्या लायब्ररी ह्या वाटेने सुटल्या. पायआयसीयू नाही. व्हील बनवायचं तर आयसीयू स्वतः त्यात कोंबावी लागते, आणि तिचा नुसता डेटाच २५-३० एमबीचा. शिवाय आयसीयूची एक सवय आहे जी माहीत नसेल तर डोकं चक्रावतं, ती आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला शेवटी व्हर्जन चिकटवते. कोडमध्ये तुम्ही यूकोल ओपन लिहिता, लायब्ररीत प्रत्यक्ष नाव असतं यूकोल ओपन ७०. सी प्लस प्लसच्या नेमस्पेसलाही (नावांच्या गटालाही) तसाच आकडा. हेतू चांगला आहे, एकाच प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या आयसीयू आल्या तरी एकमेकींच्या पायात येऊ नयेत. पण परिणाम असा की आयसीयू ६६ वर बांधलेलं बाइंडिंग ७० वर चालूच शकत नाही. लिनक्सच्या उबंटू २०.०४ मध्ये ६६ आहे, २२.०४ मध्ये ७०, २४.०४ मध्ये ७४. डेबियन ११ मध्ये ६७, १२ मध्ये ७२. आता सिस्टिममधली आयसीयू वापरायची असेल तर कुठल्या आकड्यासाठी व्हील बांधणार?

म्हणून पायआयसीयूचं सेटअप आधी विचारतं की आयसीयू कुठली आणि कुठे आहे. पूर्वी ते आयसीयू-कॉन्फिग नावाच्या छोट्या स्क्रिप्टला विचारायचं, पुढे आयसीयूवाल्यांनी ती स्क्रिप्टच बंद केली, डेबियननेही पॅकेजमधून काढली, आणि एका रात्रीत लोकांची जुनी टिपणं निकामी झाली. आता कुठली लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारतात. ते नसेल तर सरळ मेसेज येतो की पीकेजी-कॉन्फिग टाका नाहीतर आयसीयू व्हर्जन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा. मॅकवर होमब्रू ह्या पॅकेज मॅनेजरची आयसीयू मुद्दाम नेहमीच्या पाथच्या बाहेर ठेवलेली असते, त्यामुळे तिथे पीकेजी-कॉन्फिगचा पाथ स्वतः दाखवावा लागतो. आणि कंपायलर पण बघा, आयसीयू ५९ ला सी प्लस प्लस भाषेचं ११ हे स्टँडर्ड लागतं, २०२४ च्या आयसीयू ७५ पासून १७. जुन्या पायआयसीयूला नवी आयसीयू दिली तर पानभर एरर येतात आणि त्यात स्टँडर्डचं नाव सहज सापडत नाही.

पायथनच्या बाजूनेही जमीन हलली. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून डिस्टयूटिल्स काढून टाकलं, आणि त्याच वर्षी डेबियन १२ ने सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायलाच मनाई केली, म्हणजे तो सुडोवाला जुना मंत्र दोन्हीकडून संपला. आता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरतं वेगळं पायथन, करायचं, त्यात पिप चालवायचं, आतमध्ये तेच कंपाइल होतं. ज्याला कंपाइल नकोच त्याच्यासाठी कोंडा-फोर्ज ह्या पॅकेजांच्या साठ्यावर तयार पॅकेज आहे, तिथे आयसीयू आणि बाइंडिंग एकाच ठिकाणी एकमेकांना धरून बांधतात, विंडोजवाल्यांना मी तरी तेच सांगतो.

माझी यादी एकदा छान लागली होती, मग लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली आणि दुसऱ्या दिवशी इम्पोर्टलाच एरर, ६६ आकड्याची लायब्ररी उघडता येत नाही. पायथन मी स्वतः बांधलेला होता म्हणून तो तसाच राहिला, खालून फक्त आयसीयू बदलली. पायआयसीयू काढलं, परत टाकलं, तीच एरर. तीनदा केलं. कारण असं की २०१५ मध्ये पिप ७ आल्यापासून सोर्समधून एकदा बांधलेलं व्हील पिप आपल्या कॅशमध्ये ठेवतं, आणि त्याला पायथनचं व्हर्जन आणि प्रोसेसर दिसतो, आयसीयूचा आकडा दिसत नाही, त्यामुळे ते दर वेळी तेच जुनं ६६ वालं काढून देत होतं. पिपला नो-कॅश-डिर आणि फोर्स-रीइन्स्टॉल हे दोन्ही पर्याय लावल्यावर कंपायलर चालू होऊन लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला तेव्हा कळलं की आता खरंच बांधतंय.