कॉलीच्या जनुकातून गळलेली चार अक्षरे

सकाळी टेकडीवर कुत्री फिरवायला येणाऱ्या मंडळींमध्ये एका कॉलीचे, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीच्या कुत्रीचे, मालक भेटेल त्याला बजावून सांगत असतात, की आमच्या राणीला आयव्हरमेक्टिनची ॲलर्जी आहे, तेव्हा तिला कुणी परस्पर जंताचे औषध देऊ नये. त्यांची खबरदारी अगदी योग्य आहे. कारण मात्र चुकीचे आहे. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून घातलेला गोंधळ. राणीच्या प्रतिकारयंत्रणेचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. तिच्या मेंदूच्या उंबरठ्यावर बसून आत शिरू पाहणारी औषधे बाहेर फेकणारे एक प्रथिन तिच्या शरीरात तयारच होत नाही, आणि त्याचे कारण तिच्या एका जनुकातून गळलेल्या चार अक्षरांत, म्हणजे जनुकाचा मजकूर ज्यांनी लिहिला जातो त्या रासायनिक घटकांत, आहे.

आयव्हरमेक्टिन आपल्याला अपरिचित नाही. गुरांच्या गोचिडांपासून कुत्र्याच्या लुतीपर्यंत अनेक ठिकाणी ते वापरले जाते. जपानमधील इतो शहराच्या कावाना भागातील मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून या औषधाचा प्रवास सुरू झाला, आणि विल्यम कॅम्बेल यांच्यासह ओमुरांना २०१५ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. जंतांच्या आणि किडींच्या चेतापेशींवर व स्नायूंवर क्लोराइड आयनांना आत घेणाऱ्या काही वाहिन्या असतात, ज्या ग्लुटामेट या रसायनाने उघडतात. आयव्हरमेक्टिन या वाहिन्या उघडून तशाच उघड्या ठेवते, त्यामुळे पेशी गप्प होते आणि जंत लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत या वाहिन्या नसतात. तथापि आपल्या आणि कुत्र्यांच्या मेंदूत गाबा या रसायनाने उघडणाऱ्या, त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या क्लोराइड वाहिन्या आहेत, आणि पुरेशा प्रमाणात पोहोचले तर आयव्हरमेक्टिन त्यांनाही सोडत नाही. म्हणजे औषध सुरक्षित ठरते ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही म्हणून.

(नोबेल मिळालेले औषध म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा, असा समज कोविडच्या काळात पसरला होता. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली, तेव्हा कोविडसाठी हे औषध केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे असे जागतिक आरोग्य संघटनेने आधीच सांगितलेले होते. पुढील मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. जंतांवरील त्याचे सामर्थ्य मात्र निर्विवाद आहे. हत्तीरोगाविरुद्धच्या तीन औषधांच्या मोहिमेत ते आजही आहे आणि त्या मोहिमेच्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपले नागपूर होते.)

औषध मेंदूत का पोहोचत नाही, हा या लेखाचा गाभा आहे. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतींमध्ये पेशी-पेशींच्या मधून बारीक पदार्थांना पाझरता येते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना जणू दाट टाके घालून शिवलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात विरघळणारे बहुतेक पदार्थ रक्तातच अडतात. पण पेशीचे पटल, म्हणजे तिचे बाहेरचे पातळ आवरण, स्वतःच स्निग्ध पदार्थाचे बनलेले असते, आणि आयव्हरमेक्टिनसारखा तेलात सहज विरघळणारा रेणू फट शोधत बसत नाही. तो थेट पटलात विरघळतो आणि पलीकडे निघतो. अशा रेणूंसाठी नुसती भिंत पुरेशी नसते, तेथे पहारा लागतो.

हा पहारेकरी प्रथम सापडला तो मेंदूत नव्हे आणि कुत्र्यातही नव्हे. १९७६ साली टोरांटो येथे रुडॉल्फ जुलियानो आणि व्हिक्टर लिंग हे हॅमस्टरच्या अशा पेशींचा अभ्यास करत होते, ज्या कोल्चिसिन या विषारी औषधाला दाद देत नव्हत्या आणि त्याबरोबरच ज्यांच्याशी कधी गाठही पडली नव्हती अशा इतर औषधांनाही बधत नव्हत्या. या पेशींच्या पटलावर त्यांना एक मोठे प्रथिन आढळले, त्याला पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव मिळाले. त्याच्या जनुकाचे एमडीआर १ हे जुने नाव याच हट्टीपणावरून, म्हणजे अनेक औषधांना दाद न देण्यावरून पडले. आज त्याला एबीसीबी १ म्हणतात.

हे प्रथिन पटलात आरपार बसलेले असते. त्याचे दोन अर्धे भाग पेशीच्या आतल्या बाजूस फाकलेल्या चिमट्यासारखे उघडे असतात आणि मधल्या पोकळीचा अंतर्भाग स्निग्ध रेणूंना आवडेल असा असतो. पटलाच्या आतल्या थरात शिरलेला रेणू कडेने या पोकळीत घसरतो. मग पेशीचे ऊर्जाचलन असलेल्या एटीपीचे दोन रेणू चिमट्याच्या टोकांना चिकटतात, टोके जवळ येतात, पोकळी आतून मिटून बाहेरच्या बाजूने उघडते आणि रेणू पुन्हा रक्तात टाकला जातो. एटीपी खर्ची पडले, की चिमटा पूर्ववत होतो. मला या यंत्रणेतील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती तिची निवड. बहुतेक प्रथिने आपापल्या एकाच रेणूला कुलूप-किल्लीसारखी ओळखतात. हा पंप मात्र आकाराने आणि घडणीने अत्यंत भिन्न अशा शेकडो रेणूंना, केवळ ते स्निग्ध आणि परके आहेत एवढ्यावर, बाहेरची वाट दाखवतो.

गळक्या होडीत बसून सतत पाणी उपसणाऱ्या माणसाचे चित्र येथे डोळ्यांसमोर आणावे. होडीत पाणी किती साचेल, हे गळतीच्या वेगावर आणि उपसण्याच्या वेगावर, दोहोंवर अवलंबून असते. गळती थेंबाथेंबाची असेल, तर उपसणारा नसतानाही होडी बराच वेळ तरंगते. हे पुढे मात्रेच्या हिशेबात उपयोगी पडेल.

उपसणारा नसला तर काय होते, हे १९९४ साली ॲम्स्टरडॅम येथे अपघाताने कळले. आल्फ्रेड शिंकेल, पीट बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पंप नसलेले उंदीर मुद्दाम तयार केले होते. ते दिसायला, वाढायला आणि प्रजननालाही व्यवस्थित होते, त्यामुळे पंपाचे नेमके काम काय, हा प्रश्न तसाच राहिला होता. अशात प्राणिगृहात बारीक किडींचा प्रादुर्भाव झाला आणि नेहमीची पद्धत म्हणून उंदरांवर आयव्हरमेक्टिन फवारण्यात आले. साधे उंदीर बरे झाले, पंप नसलेले मरून पडले. त्यांच्या मेंदूत औषधाचे प्रमाण साध्या उंदरांच्या तुलनेत ऐंशी पटींहून अधिक भरले.

पशुवैद्यकांना तोवर दशकभर एक कोडे छळत होते. इतर कुत्र्यांना सहज पचणारी आयव्हरमेक्टिनची मात्रा दिली, की काही कॉली लाळ गाळू लागत, त्यांच्या बाहुल्या विस्फारत, डोळ्यांना दिसेनासे होई, पाय लटपटत आणि काही बेशुद्धीत जात. उंदरांची हकीकत प्रसिद्ध झाल्यावर संशय कोठे घ्यायचा हे स्पष्ट झाले, आणि २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या कॅट्रीना मीली यांच्या गटाने कॉलींच्या एमडीआर १ जनुकात चार अक्षरे कमी असल्याचे दाखवून दिले.

सुमारे १,२८० अमिनो आम्लांच्या प्रथिनात चार अक्षरांनी एवढे काय बिघडते? पेशी जनुक वाचते ते तीन-तीन अक्षरांच्या गटांनी, मध्ये मोकळी जागा न सोडता, आणि एकेका गटामागे प्रथिनात एकेक अमिनो आम्ल जोडते. ‘विमल उठली गवत कापत बसली’ हे तीन-तीन अक्षरी शब्दांचे वाक्य घ्या. त्यातून ‘उठली’ ही तीन अक्षरे गळाली, तर ‘विमल गवत कापत बसली’ हे उरते, म्हणजे अर्थ थोडा लंगडतो पण टिकतो. आता ‘ल उ ठ ली’ ही चार अक्षरे काढा आणि पुन्हा तीन-तीन करून वाचा: ‘विमग वतका पतब सली’. पुढची सारी अक्षरे तीच आहेत, त्यांचे गट मात्र फिरले आहेत. जनुकात असे झाले, की या विस्कटलेल्या गटांत लवकरच ‘येथे थांबा’ असा अर्थ असलेला गट अवचित तयार होतो. कॉलीत तो इतक्या लवकर येतो, की प्रथिनाचा दहावा हिस्साही तयार होत नाही.

जनुकाच्या आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती अशा असतील, तर होडीत उपसणारा कुणीच नाही. एकच असेल, तर निम्मे हात कामावर आहेत. कॉलींपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांत निदान एक प्रत सदोष आढळते. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग, ओल्ड इंग्लिश शीपडॉग या नातेवाइकांतही ती आहे, बॉर्डर कॉलीत मात्र क्वचित. २००४ साली झालेल्या एका अभ्यासात या जातींच्या कुत्र्यांमध्ये दोषाच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा पट्टाही सारखाच निघाला. एकच चूक निरनिराळ्या कुत्र्यांत स्वतंत्रपणे घडली असती, तर शेजारचा मजकूर असा जुळला नसता. त्यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की ही सारी प्रजा १८७३ पूर्वी, म्हणजे ब्रिटनमध्ये केनेल क्लबच्या वंशावळी सुरू होण्याआधी, तेथे होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याकडून ही चूक वारशाने घेऊन आली आहे.

इंग्रजी बोलणाऱ्या पशुवैद्यांत यावरून एक यमकबद्ध इशारा रूढ आहे, ज्याचा आशय असा, की पाय पांढरे असतील तर हे औषध देऊ नये. बैलाच्या अंगावरचा भोवरा पाहून त्याचे शुभाशुभ ठरवणाऱ्या आपल्या बाजारातील शहाणपणाचीच ही विलायती आवृत्ती म्हणावी लागेल. एमडीआर १ कुत्र्याच्या १४व्या गुणसूत्रावर आहे, तर पांढऱ्या ठिपक्यांशी ज्याचा मुख्य संबंध जोडला जातो ते एमआयटीएफ जनुक २०व्या गुणसूत्रावर. कॉलीचे पाय पांढरे असतात आणि कॉलीत हा दोषही असतो, एवढाच तो योगायोग. पांढऱ्या पायांच्या असंख्य गावठी कुत्र्यांना तो लागू नाही, आणि दोष बाळगणाऱ्या मिश्र कुत्र्याचे पाय काळेही असू शकतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होणारी जनुकचाचणी हाच खरा निवाडा.

मात्रेचा हिशेब नीट मांडला, तर खबरदारीचे मर्म कळते. हृदयजंतांच्या प्रतिबंधासाठी महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन पुरते, आणि ही मात्रा दोन्ही प्रती सदोष असलेल्या कॉलीलाही सोसते, कारण ती थेंबाथेंबाची गळती आहे. किलोमागे सुमारे १०० मायक्रोग्रॅमपासून पुढे अशा कॉलीत विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि लुतीसाठी वापरली जाणारी मात्रा ३०० ते ६०० आहे. आता गुरांसाठी मिळणारे १ टक्का इंजेक्शन हातात घ्या. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. २० किलोंच्या कॉलीसाठी हृदयजंतांची मात्रा १२० मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे या इंजेक्शनच्या एका थेंबाचा जेमतेम पाव भाग; विषारी मात्रा २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिलिटर. गोठ्यातील बाटलीतून अंदाजाने ओढलेली अर्धा मिलिलिटर तिला पुरून उरते. या विषबाधेवर नेमका उतारा नाही. औषध शरीरातून जाईपर्यंत, कधी दिवस तर कधी आठवडे, श्वास, पाणी आणि पोषण सांभाळत बसावे लागते.

आणि पंप केवळ आयव्हरमेक्टिनपुरता नाही. घरोघरी ठेवलेली, जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी मुळात अफूच्या कुळातील औषधांसारखे काम करते. ती आपल्याला गुंगी आणत नाही, कारण हाच पंप तिला मेंदूबाहेर ठेवतो. सदोष कॉलीला ती दिली, तर कुत्री गुंगीत जाऊ शकते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत आढळणाऱ्या, समागमातून पसरणाऱ्या गाठींच्या कर्करोगावर आपल्याकडे सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन वापरले जाते. त्याला शरीराबाहेर काढण्यातही यकृतातील या पंपाचा हात असतो, त्यामुळे दोष असलेल्या कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी अधिक घटतात आणि मात्रा आधीच कमी करावी लागते.

सदोष कुत्र्यांना प्रजननातून सरसकट वगळावे, ही सूचना ऐकायला सोपी आहे. कॉलीच्या बाबतीत तसे केले, तर ७० टक्के कुत्री एका झटक्यात बाद होतील, उरलेल्यांचे आपसातच संकर होतील आणि कॉलीत मुळातच मुबलक असलेला डोळ्याच्या पडद्यामागचा जन्मजात दोष त्या लहान कळपात आणखी घट्ट बसण्याचा धोका राहील. म्हणून एक प्रत सदोष असलेली चांगली मादी निर्दोष नराशी जोडतात. तिच्या पिल्लांपैकी सरासरीने निम्मी निर्दोष निघतात. त्यांची चाचणी करून, डोळे तपासून, मग पुढच्या पिढीसाठी निवड होते.