नाग नदी: घाट बांधून नदी परत येत नाही

दर उन्हाळ्यात नागपुरात हे ऐकू येतंच: गाळ काढा, भिंती घाला, वर बाकडी-दिवे, की नाग नदी जिवंत. तसं होत नाही. उन्हाळ्यात पात्रात वाहतं ते मुख्यतः घरांचं सांडपाणी; गाळ काढला तरी ते येतच राहतं. आधी काठाने मलवाहिनी टाकून प्रत्येक नाला नदीत पडण्याआधीच अडवायचा, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं. बाकडी त्यानंतर.

भिंतींचा धोका वेगळाच. पात्र अरुंद केलं की पुराचं पाणी वस्त्यांत शिरतं. २३ सप्टेंबर २०२३ ला नदीच्या वरच्या अंगाचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा ते पाणी सोसायला याच पात्रात जागा हवी होती. काँक्रीटच्या तळातून पाणी जमिनीत मुरतही नाही. फीत मात्र भिंतीचीच कापतात. जमिनीखालची मलवाहिनी फोटोत दिसत नाही ना!