मुठीत धरलेले मणी

भाच्याच्या घरी फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या पेस्टशेजारी, एक इवलीशी काचेची कुपी दिसली. तळाशी चिकटलेली पांढरी भुकटी, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमचं टोपण. लेबलवर ‘टीबी-५००’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. “मामा, खांद्याचं लिगामेंट भरून येतं याने. थायमोसिन आहे ते,” भाचा म्हणाला. जिममधल्या कुणीतरी मिळवून दिलं होतं. आजी अंगारा लावायला आली की हाच मुलगा खो-खो हसतो.

थायमोसिन बीटा-४ हा माझ्या फार आवडीचा विषय, त्यामुळे मी तिथेच ठाण मांडलं.

ही ४३ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, म्हणजे पेप्टाइड. १९८१ मध्ये ॲलन गोल्डस्टीन यांच्या गटाने ती वासराच्या थायमस ग्रंथीतून वेगळी काढली. थायमस ही रोगप्रतिकारक पेशी घडवणारी ग्रंथी, तिथून आली म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं काहीतरी काम करत असणार, असा समज झाला. दहाएक वर्षांनी सेफर आणि नाखमियास यांच्या गटाला उलगडा झाला, की प्लेटलेटमधल्या ज्या पेप्टाइडला ते ‘एफएक्स’ म्हणत होते, ते हेच. आणि त्याचं काम भलतंच निघालं: ॲक्टिनला धरून ठेवणं.

ॲक्टिन हे प्रथिन म्हणजे पेशीचा सांगाडा आणि पायसुद्धा. त्याचे सुटे मणी एकमेकांना चिकटले की दुपदरी पिळाची माळ होते. जखमेच्या कडेची पेशी पुढे सरकते ती याच माळांच्या जोरावर. पुढच्या अंगाला मणी ओवले जातात, पेशीचं आवरण पुढे रेटलं जातं, मागच्या अंगाला माळ उसवत जाते. आता गंमत बघा. परीक्षानळीत सुट्या मण्यांचं प्रमाण ०.१ मायक्रोमोलरच्या वर गेलं, की माळेचं वाढतं टोक वाढायला लागतं. प्लेटलेटमध्ये न ओवलेले मणी असतात दोनशे मायक्रोमोलरच्या आसपास. हिशेबाने ते सगळे क्षणात ओवले जायला हवेत. तसं होत नाही, कारण बहुतेक मणी थायमोसिनच्या मुठीत असतात.

ही मूठ मोठी देखणी आहे. साखळीचा एक भाग मण्याचं एक तोंड झाकतो, दुसरा भाग वळसा घालून पलीकडचं. दोन्ही तोंडं बंद, म्हणजे मणी ओवता येत नाही. पण पकड सैल: सुटतो, पुन्हा सापडतो. सुटलेला मणी प्रोफिलिन नावाचं प्रथिन पकडतं. ते एकच तोंड झाकतं, म्हणून मण्याला थेट माळेच्या वाढत्या टोकाशी नेऊन लावू शकतं. एरवी बऱ्याच टोकांवर प्रथिनांच्या टोप्या असतात. इशारा मिळाला की नवी टोकं उघडी पडतात, मोकळे मणी खर्च होतात, आणि ते कमी झाले की समतोल साधायला मुठीतले आणखी सुटतात. हुकूम कुणाचाच नाही, अकरावीत घोकलेलं ल शातेलिएचं तत्त्व तेवढं. (इथे भाच्याने जांभई दिली. तुम्हीही दिली असेल.)

हे झालं पेशीच्या आतलं. जखम झाली की प्लेटलेट हे पेप्टाइड बाहेर ओततात, आणि रक्त गोठवणारा फॅक्टर १३ ते गुठळीतल्या फायब्रिनच्या जाळ्याला टाके घातल्यासारखं जोडतो. १९९९ मध्ये उंदरांच्या जखमांवर लावून पाहिलं, तर नुसतं सलाइन दिलेल्यांपेक्षा चौथ्या दिवशी नवी त्वचा ४२ टक्के जास्त धरली होती. मात्र बाहेरून दिलेलं पेप्टाइड पेशीला नेमकं कसं हलवतं, यावर एकमत नाही. शिवाय उंदराची सैल कातडी जखमेवर आपसूक ओढली जाते. आपली तशी ओढली जात नाही. माणसांमध्ये कोरड्या डोळ्यांच्या थेंबांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात मुख्य निकष गाठता आला नाही. आणि पेशी हलती करणारं रसायन गाठीतल्या पेशींनाही हलवू शकतं: उंदरांत या पेप्टाइडचं प्रमाण वाढवल्यावर कर्करोग जास्त पसरलेला दिसला आहे.

भाच्याने कान टवकारले ते ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीला. थायमोसिन बीटा-४ घेतल्याच्या प्रकरणी एसेंडन फुटबॉल क्लबच्या २०१२ च्या हंगामातल्या ३४ खेळाडूंवर जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी घातली.

“पण हे तर तेच ना?”

तेही नाही. टीबी-५०० या नावाने सहसा विकतात ते ४३ चं अख्खं पेप्टाइड नसतंच. असतो तो १७ ते २३ क्रमांकाचा तुकडा. ॲक्टिनला धरणाऱ्या भागाचा हा गाभा खरा, आणि म्हाताऱ्या उंदरांच्या जखमांवर त्याचा उपयोग झाल्याचं २००३ मध्ये छापून आलंय. पण मण्याची दोन्ही तोंडं झाकणारे हात त्यात नाहीत. बोटं छाटून मूठ विकल्यासारखं झालं हे.

भाच्याने कुपी ट्यूबलाइटसमोर धरली. “म्हणजे यात सातच?”

“लेबल खरं असेल तर.”