पार्श्वभूमी : ग्रामीण विदर्भात बाहेर बसून निसर्गचित्र शिकणे

प्रत्यक्ष जागेवर बसून निसर्गचित्र रंगवण्याची रीत आपल्याकडे कंपनीच्या काळातील इंग्रज चित्रकारांबरोबर आली. युरोपात १८४१ नंतर धातूच्या नळीत मिळू लागलेल्या रंगांमुळे तिला बळ मिळाले आणि पुढे मुंबई व कोल्हापूरच्या चित्रकारांनी ती, विशेषतः जलरंगात, पूर्णपणे आपलीशी केली. विदर्भातील खेड्यांच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट सुरू होते ती १९५६ पासून, म्हणजे हा प्रदेश मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आल्यापासून. त्यानंतरच्या दशकांत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा हाच इथल्या माध्यमिक शाळांतील चित्रकलेचा कणा राहिला.

या परीक्षांचे वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे सगळे विषय वर्गात बसूनच सोडवायचे असतात. जे विचारले जात नाही ते शिकवलेही जात नाही. त्यामुळे वर्धा नदीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानात वाढलेले मूलही देखावा काढताना दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य आणि खाली नदी काढते. पऱ्हाटी, धुऱ्यावरची बाभूळ, पूर्वेकडच्या जिल्ह्यांतील मामा तलाव (सिंचनाचे जुने ‘माजी मालगुजारी’ तलाव) हे सारे डोळ्यांसमोर असूनही कागदावर येत नाही. अपवाद होते ते पूर्णवेळ चित्रकला शिक्षक असलेल्या काही हायस्कुलांचे. नागपूरला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करताना या शिक्षकांनी स्वतः ‘आउटडोअर’ केलेले असे आणि त्यांच्यापैकी हौशी माणसे रविवारी दोन-चार मुलांना नाल्याकाठी घेऊन जात.

या शिक्षकाच्या जागेवरूनच पुढे वाद झाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असा निकष घातला. समर्थकांचे म्हणणे असे की, जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांना कलाशिक्षक कधी मिळालाच नव्हता, त्यांच्यासाठी निदान कागदावर तरी तरतूद झाली, आणि ते खोटे नाही. विरोधकांचा आक्षेप दुहेरी होता : एक म्हणजे ‘अंशकालीन’ या शब्दाने कलेचा शिक्षक पूर्णवेळ असण्याची गरजच नाकारली, आणि दुसरे म्हणजे मुलांच्या संख्येची अट नेमकी लहान गावांच्या मुळावर आली. मेळघाटातील किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील ज्या शाळेत या तीन वर्गांत मिळून तीस-चाळीस मुले आहेत, ती या निकषात कधी बसणार? बाहेर जाऊन चित्र काढायचे तर सलग दोन-तीन तास लागतात आणि मुलांची जबाबदारी घेणारे कुणीतरी सोबत लागते. तासिकेच्या हिशेबाने येणाऱ्या निदेशकाकडून ती घेतली जाणे अवघडच आहे. वाद मात्र मानधन आणि नेमणुकांभोवती फिरत राहिला. मुले वर्गाबाहेर पडतील की नाही, हा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

दहावीच्या निकालात ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण मिळू लागल्यावर तालुक्याच्या गावांतील खासगी क्लासेसना मागणी आली. तिथे स्मरणचित्राचे साचे घोटून घेतले जातात. मोबाइलवर जलरंगाची प्रात्यक्षिके पाहून शिकणारी मुलेही आता आहेत, पण त्या चित्रांत बहुधा कोकणातल्या होड्या आणि घाटावरचे वाडे असतात, शिवाय दमट हवेत जमणारी ओल्यावर ओला रंग सोडण्याची पद्धत असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाजवळ असताना, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, क्षितिजापर्यंत पोहोचण्याआधीच वरून वाळतो आणि कडा उमटतात. जाणकार पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकतात, कागद लहान घेतात किंवा सकाळी नऊच्या आत काम आटोपतात. पण हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही, ते एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जाते.

बाहेर बसण्याचा इथला खरा हंगाम कापसाच्या वेचणीपासून पळस फुलेपर्यंतचा. ग्रेड परीक्षा साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात, म्हणजे हा हंगाम सुरू होतो तेव्हा शाळेतले चित्रकलेचे वर्ष जवळजवळ संपलेले असते.