कुलिकोवोला हरलेला ममाई खान नव्हता

१३८० साली कुलिकोवोच्या लढाईत मॉस्कोच्या दिमित्रीने सोनेरी टोळीच्या, म्हणजे रशियावर हुकमत गाजवणाऱ्या मंगोल राज्याच्या, खानाला हरवलं आणि रशियावरची मंगोल सत्ता संपली, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हरलेला ममाई हा टोळीतला बलाढ्य सरदार होता, खान नव्हताच. चंगीझखानाच्या वंशातला असल्याशिवाय गादीवर हक्क सांगता येत नसे, म्हणून तो नामधारी खान बसवून कारभार हाकायचा. १३५९ मध्ये खान बर्दीबेक मारला गेल्यापासून व्होल्गाकाठच्या सराई या राजधानीसाठी दावेदारांची झुंज चालू होती. खान येत, मारले जात. दिमित्रीचा पराक्रम मोठाच, पण त्याने हरवला तो या भांडणातला एक गट. ममाईचा कणा मोडला तो चंगीझवंशी तोख्तामिशने. त्यानेच १३८२ मध्ये मॉस्को जाळलं आणि दिमित्रीला पुन्हा खंडणी भरावी लागली.