परिशिष्ट १ एक नव्हे, दोन: हिमबिबट्याच्या दोन करारांतला फरक

हिमबिबट्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये समावेश असल्यामुळे या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण आहे. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. कुठल्या कराराच्या? परिशिष्ट १, म्हणजे कराराला जोडलेली प्रजातींची पहिली यादी, असलेले दोन वेगळे करार आहेत आणि हिमबिबट्या दोन्हींमध्ये आहे. दोन्ही सत्तरच्या दशकात जन्मले आणि दोन्हींचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाकडे आहे. घोळ व्हायला एवढं पुरेसं आहे. पण तो नावांपुरता राहत नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं. एका कराराने दुसऱ्याचं काम करावं अशी अपेक्षा धरली जाते, आणि मग ‘एवढं संरक्षण असूनही हे प्राणी मरतात कसे’ हा प्रश्न चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

पहिला करार साईटिस. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला आणि १ जुलै १९७५ पासून लागू झाला. दुसरा सीएमएस, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या संवर्धनाचा करार. तो १९७९ साली जर्मनीतल्या बॉन शहरात झाला, म्हणून त्याला बॉन करारही म्हणतात. १९८३ पासून तो अमलात आहे. दोघांचा संबंध देशांच्या सीमांशी आहे, पण कामाची दिशा उलटी आहे. सीमेवरून काय जाता कामा नये, हे साईटिस पाहतो. सीमेवरून कोणाला जाता आलं पाहिजे, हे बॉन करार पाहतो. एकाला नाका हवा आहे, दुसऱ्याला वाट.

हिमबिबट्याच्या बाबतीत सीमेला इतकं महत्त्व का, हे नकाशा उघडला की कळतं. हिमालय, काराकोरम, हिंदुकुश, पामीर, तिएन शान, अल्ताय: हा प्राणी जिथे राहतो त्या पर्वतरांगांच्या माथ्यांवरूनच आशियातल्या देशांच्या सीमा गेल्या आहेत. अफगाणिस्तान, भूतान, चीन, भारत, कझाकस्तान, किर्गिझस्तान, मंगोलिया, नेपाळ, पाकिस्तान, रशिया, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान अशा बारा देशांत तो आहे. त्याला जागाही भरपूर लागते. मंगोलियाच्या दक्षिण गोबीतल्या तोस्त डोंगरांत रेडिओ कॉलर लावून केलेल्या अभ्यासात एका नराचा वावर सरासरी दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आढळला. त्याच संशोधकांनी हिमबिबट्याच्या प्रदेशातली १७० संरक्षित क्षेत्रं तपासली, तेव्हा त्यातली ४० टक्के एका नरालाही पुरणार नाहीत इतकी लहान निघाली. नेपाळमध्ये कांचनजंगा परिसरात २०१३ साली कॉलर लावलेला एक नर भारत आणि तिबेटच्या हद्दीतही फिरून आला. कुठल्याही एका देशाच्या वनखात्याने कितीही मनापासून काम केलं, तरी अशा प्राण्याचं सगळं आयुष्य त्याच्या ताब्यात येत नाही.

आता साईटिस प्रत्यक्षात काय करतो ते जवळून पाहू. परिशिष्ट १ मधल्या प्राण्याचा नफ्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्यात जिवंत प्राणी आला, तसं कातडं, हाड, कवटी, नखंही आली. व्यापाराखेरीज दुसऱ्या कामासाठी, म्हणजे प्राणिसंग्रहालयांमधली देवाणघेवाण किंवा संशोधन यांसाठी काही न्यायचं असेल, तर दोन परवाने लागतात: पाठवणाऱ्या देशाचा आणि घेणाऱ्या देशाचा. क्रमही ठरलेला आहे. घेणाऱ्या देशाने आयातीचा परवाना दिल्याशिवाय पाठवणाऱ्याने निर्यातीचा द्यायचा नाही. प्रत्येक देशात परवाने देणारं एक प्राधिकरण आणि शास्त्रीय सल्ला देणारं दुसरं प्राधिकरण असावं लागतं. सगळी साखळी शेवटी येऊन थांबते ती सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टेबलावर.

या यंत्रणेतला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. हिमबिबट्याच्या जनुकीय अभ्यासासाठी रक्ताचा किंवा केसांचा नमुना दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा झाला, तर साईटिसचे कागद लागतात. पण डोंगरात आपोआप पडलेली, प्राण्याला हात न लावता गोळा केलेली विष्ठा साईटिसच्या कक्षेत येत नाही. सदस्य देशांनी तसा ठरावच केला आहे. हिमबिबट्या सहसा दिसत नाही, त्याची विष्ठा मात्र खिंडीत आणि कड्यांच्या पायथ्याशी सापडते. त्यामुळे त्याच्यावरचं पुष्कळसं जनुकीय संशोधन तिच्यावरच चालतं. अर्थात एखाद्या देशाचा स्वतःचा कायदा साईटिसपेक्षा कडक असू शकतो, त्याला करार आडकाठी करत नाही.

साईटिसची ताकद दोन गोष्टींत आहे. बाराच्या बारा देश त्याचे सदस्य आहेत. उशिरा आलेला ताजिकिस्तानही २०१६ पासून आत आहे. आणि त्याला दात आहेत. एखादा देश नियम पाळत नसेल, तर त्याच्याशी साईटिसच्या यादीतल्या जातींचा व्यापार थांबवा अशी शिफारस स्थायी समिती इतर सदस्यांना करू शकते. पर्यावरणाच्या फार थोड्या करारांना हे हत्यार मिळालेलं आहे.

पण त्याची हद्दही तितकीच स्पष्ट आहे. देशाच्या आत प्राणी मारला गेला आणि त्याचं काहीच सीमेपार गेलं नाही, तर साईटिसचा त्याच्याशी संबंध येत नाही. तिथे त्या देशाचा कायदा पाहायचा, जसा भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, ज्याच्या पहिल्या अनुसूचीत हिमबिबट्या आहे. परिशिष्ट १ म्हणजे शिकारबंदी, हा समज किती चुकीचा आहे ते मारखोरवरून दिसतं. हिमबिबट्याचं भक्ष्य असलेला हा रानबकराही साईटिसच्या परिशिष्ट १ मध्येच आहे. तरी पाकिस्तानला दरवर्षी ठरावीक मारखोरांच्या शिकार-चषकांची, म्हणजे शिंगं-कातड्यांची, निर्यात करायची मुभा सदस्य देशांनी दिली. १९९७ साली हा कोटा ६ होता, पुढे तो १२ झाला. त्या पैशांतून डोंगरातल्या गावांना वाटा मिळतो आणि गावकरी मारखोर राखतात. या पद्धतीबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण करार जे सांगतच नाही ते त्याच्या तोंडी घालून उपयोग नाही.

हिमबिबटे मरतात कशामुळे हे पाहिलं की ही हद्द नीट कळते. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने २०१६ साली अंदाज मांडला की २००८ पासून दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, गुराढोरांवरच्या हल्ल्यांच्या रागातून. व्यापारासाठी मुद्दाम मारलेले २१ टक्के. आणखी १८ टक्के दुसऱ्याच प्राण्यासाठी लावलेल्या फासात वगैरे अडकून गेलेले. रागातून मारलेल्या प्राण्याचं कातडं पुढे विकलं जाऊ शकतं, म्हणून नाक्यावरची झडती महत्त्वाचीच आहे. पण हिमबिबट्या रात्री उघड्या छताच्या गोठ्यात उतरतो, आत कोंडलेल्या मेंढ्या बिथरतात आणि तो एकामागून एक मारत सुटतो. सकाळी धनगराला वर्षभराची पुंजी मेलेली दिसते. त्याच्या संतापापर्यंत कुठलाही सीमाशुल्क अधिकारी पोहोचत नाही. तिथे गोठ्याला जाळीचं भक्कम छत लागतं, गावाने मिळून चालवलेला जनावरांचा विमा लागतो.

बॉन कराराकडे वळताना आधी एक शंका मिटवायला हवी. हिमबिबट्या स्थलांतर कुठे करतो? पट्टकदंब हंसासारखा तो हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येत नाही. उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात भक्ष्यामागे थोडं खाली, एवढाच त्याचा फेरा. पण करारातली व्याख्या अंतर मोजत नाही. प्रजातीच्या समूहातले बरेचसे प्राणी ठरावीक चक्राने आणि अंदाज बांधता येईल अशा रीतीने देशांच्या सीमा ओलांडतात का, एवढंच ती विचारते. डोंगराचा माथाच सीमा असेल तर दोन्ही उतारांवर वावरणारा प्राणी या चौकटीत बसवता येतो, आणि तो बसवला गेला हे योग्यच झालं असं मला वाटतं.

बॉन कराराच्या परिशिष्ट १ मधल्या प्राण्याची शिकार किंवा पकड सदस्य देशांनी आपल्या हद्दीतच बंद करायची असते. अपवाद मोजके आहेत: संशोधन, पैदास, पिढीजात उदरनिर्वाह, असाधारण परिस्थिती. म्हणजे साईटिस जिथे थांबतो त्या देशांतर्गत जागेत बॉन करार पाऊल ठेवतो. शिवाय अधिवास राखणं आणि पूर्ववत करणं, प्राण्याच्या वाटेतले अडथळे दूर करणं किंवा त्यांचा त्रास कमी करणं, त्याला धोक्यात आणणारी कारणं आटोक्यात आणणं, हेही त्यात येतं. हिमबिबट्यासाठी खरा कामाचा भाग हाच.

अडथळा म्हणजे बहुतेक वेळा कुंपण. मांजरकुळातला प्राणी चढून पलीकडे जाईलही, पण तो ज्यांच्यावर जगतो त्यांचं काय? अर्गाली, म्हणजे मोठ्या वळणदार शिंगांची रानमेंढी, तारेच्या कुंपणापाशी अडते. कळपाची वाट बंद झाली की पलीकडच्या चरणीवर भक्ष्य उरत नाही, आणि मग हिमबिबट्याची नजर पाळीव जनावरांकडे वळते. कुंपणाने किती नुकसान होतं ते मंगोलियात दिसलं. १९५० च्या दशकात बांधलेल्या रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. त्यामुळे खुलान, म्हणजे तिकडची रानगाढवं, पूर्वेकडच्या कुरणांना कित्येक दशकं मुकली. कुंपणात प्रयोगादाखल मोकळी जागा सोडल्यावर २०२० साली खुलान पलीकडे गेल्याची नोंद झाली. मध्य आशियातल्या अशा प्राण्यांसाठी बॉन कराराने २०१४ पासून स्वतंत्र उपक्रम चालवला आहे. त्यात हिमबिबट्या आणि अर्गाली दोन्ही आहेत, आणि रस्ते, रेल्वे, कुंपणं प्राण्यांना जाऊ देतील अशी कशी बांधावीत याची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

मग हा करार साईटिसपेक्षा सरस का म्हणू नये? कारण त्याचा हात तोकडा आहे. अधिवास आणि अडथळ्यांबद्दलची कलमं ‘प्रयत्न करावा’ अशा भाषेत आहेत, आणि चुकणाऱ्या देशाचा व्यापार थांबवण्यासारखं हत्यार त्याच्याकडे नाही. त्याहून मोठी अडचण सदस्यत्वाची. भारत १९८३ पासून सदस्य आहे. २०२० ची सदस्य परिषद गांधीनगरला झाली आणि त्यापुढची २०२४ मध्ये समरकंदला. पण चीन सदस्य नाही, रशियाही नाही. हिमबिबट्याचा निम्म्याहून जास्त अधिवास चीनमध्ये आहे, त्यामुळे ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. सदस्य नसलेल्या देशालाही एखाद्या प्रजातीपुरत्या सामंजस्य करारात येता येतं, एवढी पळवाट मात्र चांगली आहे. सायबेरियन क्रौंचासाठी चीन आणि रशिया दोघांनी तशी सही केलेली आहे.

या दोघांत आणखी एक नाव मिसळलं जातं: बिश्केक घोषणापत्र. २३ ऑक्टोबर २०१३ रोजी किर्गिझस्तानच्या राजधानीत बाराही देशांनी ते मान्य केलं आणि हिमबिबट्या व त्याच्या परिसंस्थेच्या संरक्षणाचा जागतिक कार्यक्रम उभा राहिला. २०२० पर्यंत वीस भूप्रदेश सुरक्षित करायचे असं उद्दिष्ट होतं. हा कायदेशीर करार नाही, त्याला परिशिष्टं नाहीत, कोणावर बंधन नाही. पण चीन आणि रशिया जिथे इतर दहा जणांसोबत बसतात ती जागा हीच, आणि म्हणून तिची किंमत कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त आहे.

पुढच्या वेळी ‘परिशिष्ट १’ वाचलंत तर बातमी कशाची आहे ते पाहा. कातडं पकडलं, प्राणिसंग्रहालयाने प्राणी परदेशी पाठवला, नमुन्यांचा परवाना अडला: साईटिस. सीमेवरचं कुंपण, खिंडीतून जाणारा नवा रस्ता, दोन देशांचं जोडून असलेलं अभयारण्य: बॉन करार, तोही दोन्ही देश सदस्य असतील तरच. मेंढ्या मारल्याच्या रागात गावाने हिमबिबट्या मारला असेल, तर आधी त्या देशाचा कायदा आणि त्या गावचा गोठा.

एक काम मात्र दोघांच्याही मधून निसटतं, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. भारताच्या २०१९ ते २०२३ या काळातल्या गणनेत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यातले ४७७ एकट्या लडाखमधले. लडाखला चीन आणि पाकिस्तान दोन्हीकडच्या हद्दी भिडतात. सीमेजवळ वावरणारा एखादा प्राणी पलीकडच्या कॅमेऱ्यातही येऊ शकतो आणि दोन देशांच्या आकड्यांत दोनदा मोजला जाऊ शकतो. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवले तर तो एकच आहे हे ओळखता येतं. बिश्केकच्या कार्यक्रमातून मोजणीची सामाईक पद्धत ठरवण्याचं काम सुरू झालं आहे. फोटो एकमेकांना दाखवणं मात्र अजून त्या त्या सरकारच्या मर्जीवर आहे. साईटिस त्याबद्दल काही म्हणत नाही, बॉन करार संशोधनात सहकार्य करावं इतकंच सुचवतो, आणि लडाखच्या एका बाजूचा शेजारी तर त्याचा सदस्यच नाही.