छापील नगरदृश्ये आणि छायाचित्रे : मुंबईचा कोट

शहराचे जुने छापील चित्र आणि त्याच जागेवरून पुढे टिपलेले छायाचित्र शेजारी ठेवून बदल वाचण्याची ही पद्धत. मुंबईचा कोट (फोर्ट), म्हणजे तटबंदीच्या आतले जुने शहर, तिच्यासाठी उत्तम जागा आहे, कारण इथे दोन्ही प्रकारची सामग्री भरपूर मिळते. जेम्स वेल्सने १७९१-९२ मध्ये मुंबई व परिसराची बारा दृश्ये रेखाटली. १८२६ च्या सुमारास होसे गोन्साल्विस यांनी शिळाछापाची (दगडावर काढून छापलेली) चित्रे काढली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही तीत होते.

पहिला घोळ तारखेचा. वेल्सची दृश्ये छापून आली १८०० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. छापील सालावर विसंबले तर हिशेब आठ-नऊ वर्षांनी चुकतो. त्यापेक्षा चित्रातल्या इमारतींनाच साल विचारावे. सेंट थॉमस चर्चचा उंच मनोरा १८३८ चा. तिथे बुटकी घंटाघराची बांधणी दिसली, तर रेखाटन त्याआधीचे. टाऊन हॉल पुरा झाला १८३३ मध्ये. त्याच्यासमोर मोकळे 'बॉम्बे ग्रीन' आहे की गोलाकार इमारतींची रांग, यावरून एल्फिन्स्टन सर्कलच्या (आजचे हॉर्निमन सर्कल) आधीचे-नंतरचे कळते.

दुसरी गोष्ट नजरेची. चित्रकार चार पावले सरकून पाहिलेले एकाच चौकटीत बसवतो, डोंगर थोडे चढवतो, रिकाम्या कोपऱ्यात पालखी नाहीतर बैलगाडी आणून ठेवतो. त्यावरून रहदारी मोजू नये. पण कॅमेराही साळसूद नव्हे: त्या काळी फोटो ज्या रसायन लावलेल्या ओल्या काचपट्टीवर घेत, तिला प्रकाश बराच वेळ लागे, त्यामुळे चालती माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. गजबजलेला बाजार फोटोत ओस दिसतो. शिवाय छापील चित्रांत पत्र्यावरची किंवा दगडावरची आकृती कागदावर उलटी उमटते. चित्रकाराने आधीच आरसा-प्रतिमा काढली नसेल, तर डावे-उजवे बदलते. एकच खूण न धरता दोन-तीन पडताळाव्यात.

तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, म्हणून तिच्या बाबतीत चित्रांचे वजन जास्त. सेंट थॉमसकडे जाणारा 'चर्च गेट' दरवाजा त्या पाडापाडीत गेला. त्याच जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि दरवाजाचे नाव पुढे पश्चिमेच्या रेल्वे स्थानकाला चिकटले.